एका पानात खुलासा

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील नांदेडच्या गिरणीत होते. गिरणी चालू असो की बंद, पत्रकं निघतच असायची; गुलाबी, पिवळी, पोपटी, पातळ कागदाची, हाताला शाई लागणारी. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे वाक्य संपलं की उद्गारचिन्ह द्यायचं असतं, असं मला तिसरीपर्यंत वाटत होतं. 'माझी आवडती गाय' या निबंधात मी गाईला हक्क मागायला लावलं होतं आणि बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं.

कागदाबाबत वडिलांचे तीन नियम होते. तोंडी भांडायचं नाही, कागद द्यायचा. कागद दिला की त्याची प्रत वरच्याला द्यायची, नाहीतर खालचा तो गिळून टाकतो. आणि एकदा दिलेला कागद मागं घ्यायचा नाही. बी.ए. झाल्यावर मी लातूरला नोकरीला गेले तेव्हा ट्रंकेत दोन साड्या, तीन ड्रेस आणि हे तीन नियम होते.

भूकंपाला तेव्हा दोनेक वर्षं होऊन गेली होती. वरच्या मजल्यावर कुणी पाटा सरकवला तरी खालची माणसं छताकडं बघायची. आणि त्याच गावात दर महिन्याला एक नवा क्लास उघडत होता. चौकाचौकांत बोर्ड, बोर्डांवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, बसस्टँडवर ट्रंका आणि गाद्यांच्या वळकट्या घेऊन उतरणारी पोरं. आमचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये होता. त्याची लाज वाटण्याचे दिवस नव्हते. उलट पालक आधी वर बघायचे, पत्रा आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडायचा, मग निकालाचं विचारायचे.

क्लासचे मालक म्हणजे सर. वय बत्तीस-तेहतीस. अर्ध्या सूचना मोटारसायकलवर बसूनच द्यायचे.

"मॅडम, दहावीच्या नोट्स काढायच्या. पॉइंट टू पॉइंट. पोरांना लांबड वाचायला टाईम न्हाई. आय.एम.पी. तेवढं काढा."

परीक्षेत येण्यासारखं ते आय.एम.पी., हे मला तिथं कळलं. बाकीचं जग त्यांच्या लेखी आय.एम.पी. नव्हतं.

नोट्स विभागात आम्ही दोघंच. मी आणि गुरुजी. गुरुजी चाकूरकडचे, घरची शेती, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. सर त्यांचेच विद्यार्थी. रोज सकाळी चाकूरच्या बसनं यायचे, दहावीचे इतिहास-भूगोलाचे तास घ्यायचे आणि मधल्या वेळेत पत्र्याच्या आडोशामागं माझ्यासमोर येऊन बसायचे. आधी नोट्स तेच लिहीत. आता हात कापायचा, सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर अक्षर उठत नव्हतं, म्हणून मला घेतलेलं. त्यांच्या पेनात एकच रिफिल असायची, लाल. बोलणं कमी. "जेवलीस का पोरी" आणि "हे शुद्ध लिही" याच्यापलीकडं पहिल्या दोन आठवड्यांत आमच्यात काही झालं नाही. मी त्यांच्याशी काय बोलावं हे मला कळत नव्हतं. माझ्या घरी या वयाची माणसं घोषणा द्यायची.

दोन आठवडे मी नुसत्या स्टेन्सिली कापल्या. मग गुरुजींनी भूगोलाचा धडा माझ्यापुढं सरकवला. भूकंप. म्हणाले, "तूच लिही."

मी लिहिलं. अकरा पानं. कॉलेजात असताना आम्ही मदतीचं सामान घेऊन औशाकडच्या गावांत गेलो होतो, तिथं पाहिलेलं आत होतं. भूपृष्ठ, केंद्र, लहरी हे दीड पानात उरकलं आणि मग सुरू झाले. घरं कशी होती, का होती, कुणाला सिमेंट मिळालं आणि कुणाला पत्रासुद्धा मिळाला नाही. ज्या मातीच्या छतांखाली माणसं गाडली गेली त्या माळवदांबद्दल एका म्हातारीनं सांगितलेलं एक वाक्यही घातलं होतं: 'माळवदावर दर साली पावसाळ्याआधी मातीचा नवा थर चढत गेला, जुना कधी निघाला नाही.' या एका वाक्याशेवटी मी पूर्णविराम दिला होता. का ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा गुरुजी तासावर होते आणि माझी अकरा पानं टेबलावर होती. पहिल्या पानाच्या डोक्यावर लाल शाईत लिहिलं होतं: 'याचा खुलासा लिहून देणे. एका पानात. उद्या सकाळी.' आत फक्त एका वाक्याभोवती लाल गोल होता. माळवदाच्या.

माझे कान तापले. खुलासा मला माहीत होता. वडिलांना गिरणीतून दोनदा मागितला होता. 'आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सादर करावा.' आमच्या घरात खुलासा आला की आई चूल लवकर विझवायची आणि वडील कागद घेऊन बसायचे. म्हणजे इथंही तेच. दोन आठवड्यांत. आणि आक्षेप कशाला, तर अख्ख्या अकरा पानांतल्या सगळ्यात खऱ्या वाक्याला!

तोंडी भांडायचं नाही. मी तिथंच बसून लिहायला घेतलं. वर मध्यभागी 'जाहीर खुलासा'. खाली: 'सत्य लिहिणे हा गुन्हा असेल तर तो मी केला आहे आणि पुन्हा करीन! प्रस्थापित प्रवृत्तींपुढे मी झुकणार नाही! जेष्ठतेच्या नावाखाली जे आवाज दडपू पाहतात, त्यांनी ध्यानात ठेवावे...' एका पानाची अट मी मोडली नाही, अक्षर बारीक काढलं. मग कार्बन काढून दुसरी प्रत वेगळी केली. तिच्यावर 'विषय: नोट्स विभागातील दडपशाहीबाबत. प्रत माहितीस्तव' असं लिहून सरांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवली. मूळ कागद तासावरून आलेल्या गुरुजींपुढं.

गुरुजींनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. मी उभी होते. मला वाटलं आता उसळतील. त्यांनी लाल पेन काढलं, 'जेष्ठ'भोवती गोल केला, बाजूला 'ज्येष्ठ' लिहिलं. मग कागद माझ्याकडं देत म्हणाले, "जोर हाय तुझ्या लिहिण्यात. पण भूकंपाचं कुठाय?"

"भूकंपाचंच आहे हे," मी म्हटलं.

"आसंल. पण लांब झालंय पोरी. याचाबी खुलासा कर."

आणि तासाला निघून गेले.

खुलाशाचा खुलासा! गिरणीनंसुद्धा वडिलांना असं कधी केलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या खाली काहीतरी सरकत होतं. जो माणूस मला दडपतोय तो माझ्या लिहिण्यात जोर आहे असं का म्हणेल? आणि 'ज्येष्ठ' दुरुस्त का करेल?

दुपारी आधीच्या आठवड्याच्या नोट्स आणायला मी बाजारात गोलाईजवळच्या बाइंडिंगच्या दुकानात गेले. तिथले चाचा आमचं सायक्लोस्टाईल आणि शिलाई दोन्ही करायचे. त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान. हातातली सुई न थांबवता ते अख्ख्या लातूरची विचारपूस करायचे.

"क्या हुआ बेटी, मुंह कायकू लटकाया?"

"चाचा, गुरुजींनी माझा खुलासा मागितला."

"तो दे दो. कौनसे सबक का?"

"सबक का नाही. माझा. मी काय गुन्हा केला त्याचा!"

सुई थांबली. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि हसायला लागले, इतके की दोरा तोंडातून पडला.

"अगे बाई, खुलासा बोले तो निचोड. लंबी बात का छोटा. हमारे मदरशात उस्ताद रोज बोलते, सबक का खुलासा लिख के लाओ. तुमच्या मराठीत काय म्हणतात... सारांश! सारांश मांगे तेरे कू."

"पण गुरुजी मराठीच बोलतात. पाटील आहेत ते चाकूरकडचे."

"पाटील हैं तो क्या हुआ? निजाम के वक्त में पढ़े सो आदमी हैं. उस जमाने में हिसाब भी उर्दू में, भूगोल भी उर्दू में. तुमकू मालूम नै? मेरे कू चिठ्ठी लिखते तो आज भी उर्दू में लिखते."

मला नव्हतं मालूम. दोन आठवडे समोर बसत होते, आणि ते कोणत्या भाषेत शिकले हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी नोट्सचा गठ्ठा तिथंच टाकून पळत क्लासवर आले. सरांच्या टेबलावर पेपरवेट होता, कागद नव्हता.

"सर, सकाळची माझी प्रत परत द्या. चूक झाली माझी."

सर खुर्चीत मागं रेलले. "मॅडम, बसा. बरं झालं तुम्ही दिलात तो कागद. मी वर्षभर ह्याच्यावरच विचार करून राहिलो. गुरुजींची भाषा पोरांना कळत न्हाई. जुनं झालं ते सगळं. पण मी कसं सांगणार? त्यांच्या हातचा मार खाल्लेला हाय मी. आता तुमचा कागद हाय, तर तोच बोलंल."

"पण तो कागद चुकीचा आहे."

"सही तुमचीच हाय न्हवं?"

सही माझीच होती. सही अशी ठोकून केली होती की कार्बनच्या प्रतीवरही स्वच्छ उठली होती. दिलेला कागद मागं घ्यायचा नाही, हा नियम करताना वडिलांनी या बाजूनं विचार केला होता का, मला माहीत नाही. मी तो परत मागत होते आणि स्वतःचीच लाज वाटत होती. मागितला नसता तरी वाटली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तास सुरू व्हायच्या आधी सरांनी सगळ्यांना बसवलं. गणिताचे, विज्ञानाचे, इंग्रजीच्या बाई, गुरुजी, मी. सरांनी माझा कागद मोठ्यानं वाचला, विषयासकट. माझी उद्गारचिन्हं त्यांच्या तोंडून येताना विचित्र ऐकू येत होती. 'नोट्स विभागातील' या शब्दाला गुरुजींनी मान वर केली. त्या विभागात माणसं दोनच.

मी उभी राहिले. म्हणजे मला वाचवायचं होतं त्यांना. मला वाटलं खरं सांगितलं की झालं.

"सर, गुरुजींनी मला सारांश मागितला होता. ते खुलासा म्हणाले, मी दुसराच अर्थ घेतला. मला त्यांचा शब्द कळला नाही, एवढंच झालं."

सरांनी दोन्ही हात पसरले. "ऐका! बी.ए. झालेल्या मॅडमला गुरुजींचा शब्द कळला न्हाई. मग दहावीच्या पोरांना काय कळणार? मी दुसरं काय म्हणतोय?"

माझ्याच वाक्यानं त्यांचं म्हणणं पक्कं केलं होतं. इंग्रजीच्या बाई खाली बघत होत्या. गुरुजी उठले, धोतराचा सोगा सावरला, म्हणाले, "हाव. बराबर हाय. कळंना तर सांगणाऱ्यानंच थांबावं." सर घाईनं म्हणाले, "तसं न्हाई गुरुजी, तुम्ही सवडीनं..." पण गुरुजी त्या दिवसाचे तास घेऊन, लाल पेन खिशाला लावून पाचच्या बसनं गेले. पुन्हा आले नाहीत. जाताना मला फक्त इतकंच म्हणाले, "एक पान राहिलंय तुझं."

त्यांच्या जागी एक नवे सर आले. ते धडधड बोलायचे आणि फळ्यावर चौकोन काढायचे. आठवडा गेला असेल. मधल्या सुटीत चार-पाच मुली आडोशाशी आल्या. त्यांतली नायगावची एक धीट होती.

"मॅडम, भूकंपाचा खुलासा आला का?"

मी चमकले. "कशाचा?"

"खुलासा, मॅडम! गुरुजी तास संपताना फळ्यावर लिहायचे न्हाई का? दहा ओळी. आमच्या वहीत सगळ्या धड्यांचे खुलासे हायेत, भूकंपाचाच राह्यलाय. ते म्हणले होते मॅडम लिहून राहिल्यात."

त्यांनी वह्या उघडून दाखवल्या. प्रत्येक धड्याच्या शेवटी, गोल गोल अक्षरात, अधोरेखित: खुलासा. खाली दहा ओळी.

"तुम्हाला हा शब्द कळतो?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. प्रश्नच कळला नाही त्यांना. "खुलासा म्हंजे खुलासा," नायगावची म्हणाली. "थोडक्यात. पाठ करायला सोपं असतंय."

मी गुरुजींच्या तासाला कधी बसले नव्हते, आणि सर शाळेत बसले होते ते विसरून गेले होते. त्या पत्र्याखाली हा शब्द न कळलेली माणसं आम्ही दोघंच होतो.

मी मुलींना म्हटलं, हे लिहून द्या. सवयच. त्यांनी लिहून दिलं: 'आम्हाला गुरुजी पाहिजेत. खुलासे पाहिजेत.' खाली सगळ्या वर्गाच्या सह्या, मुलांच्याही. सरांनी तो कागद दोनदा वाचला. मग मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाले, "मी कसा जाऊ आता त्यांच्या पुढं? तुम्ही जा."

"तुम्ही बोलावलंय म्हणून सांगू का?"

"सांगा... काय सांगायचं ते सांगा."

रविवारी मी चाकूरला गेले. गुरुजी अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सून पाणी घेऊन आली. मी आधी मुलींचा कागद दिला. त्यांनी वाचला, घडी केली, बंडीच्या खिशात ठेवला. चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं.

"गुरुजी, माझा तो कागद पहिल्यांदा वाचलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

"कोणता? जोराचा?"

"हो."

"मला वाटलं निबंध लिहिलाय. सरकारवर."

"सरकारवर?"

"तू लिहिलंस की, प्रस्थापित प्रवृत्ती. मला काय ठाव प्रस्थापित म्हंजे मी? मी म्हणलं मंत्र्याला बोलून राहिली पोरगी, बोलू दे." ते हसले. मग पुढची शेंग उचलली. "सरानं वाचला तवा कळलं. दुखलं थोडं."

मला वाटायचं आमची पत्रकं कुणालाही कळतात. ती असतातच त्यासाठी. मी दोन पावलांवर बसलेल्या माणसाशी भांडले आणि भांडण झालंय हेच त्याला अख्ख्या पानातून कळलं नव्हतं. माफी मागायच्या ऐवजी मी एक शेंग घेतली आणि सोलायला लागले.

"तो लाल गोल," मी म्हटलं, "माळवदाच्या वाक्याला. तो चूक म्हणून नव्हता?"

"चूक? अगे, बाकीचं काढ आन् तेवढं ठेव, म्हणून केला. माझ्या पेनात दुसरी शाई कुठाय." त्यांनी शेंगांची सालं गोळा केली. "माझी बहीण दिली होती औशाकडं. सुटीत जायचो तिच्याकडं. मिरग लागायच्या आधी पांढरी माती टोपल्यानं वर न्यायची, पसरायची, चोपायची. मी न् दाजी. लई वर्षं केलं. जुनी काढा म्हणून कुणी म्हणलं न्हाई. मी पण न्हाई."

बहिणीचं पुढं काय झालं हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

"येता का परत?" मी निघताना विचारलं. "सरांनी निरोप दिलाय. म्हणजे, पूर्ण नाही दिला, पण दिलाय."

"न्हाई. बस लई आदळती आता." खरं कारण तेच होतं का, मला आजही सांगता येणार नाही. "पण पोरांचा राह्यलेला खुलासा देतो. तुझं पान आण बुधवारपातुर. बसमधी कंडक्टरपाशी दे, मी बघून धाडतो."

मी ते पान तीनदा लिहिलं. उद्गारचिन्हं काढली की वाक्यं माझी वाटेनात, ठेवली की पानात मावेनात. शेवटी दहा ओळी राहिल्या. लहरी, केंद्र, तीव्रता, आणि सातव्या ओळीत म्हातारीचं वाक्य, होतं तसं. चाकूरच्या कंडक्टरकडं दिलं. शुक्रवारी पाकीट परत आलं.

डोक्यावर मी 'सारांश' लिहिलं होतं. ते खोडून लाल शाईत 'खुलासा' केलं होतं. बाकी कुठं काही नव्हतं, फक्त सातव्या ओळीत. मी लिहिलं होतं, 'माळवदावर दर साली पावसाळ्याआधी मातीचा नवा थर चढत गेला, जुना कधी निघाला नाही.' कापऱ्या अक्षरात तिथं आता होतं: 'माळवदावर दर साली पावसाळ्याआधी आम्ही मातीचा नवा थर चढवत गेलो, जुना कधी काढला नाही.'

सरांनी पान पाहिलं. "आम्ही? भूगोलात आम्ही कसं चालंल, मॅडम? हे आय.एम.पी. पण न्हाई."

नोट्समध्ये 'आम्ही' चालतं का, मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. पण पहिल्यांदाच मला कागद लिहावासा वाटला नाही. मी स्टेन्सिल घेतली, आडोशामागं बसले आणि गुरुजींची ओळ होती तशी कापली. मग गोलाईला जाऊन चाचांना म्हटलं, नव्वद प्रती काढा, मुली थांबल्यात.